सरावसंच एकतीस

सव्वीस वह्या. सावळजच्या शाळेतल्या, सातवीच्या.
दोघींना बेदाण्याचा चिकटा लागलाय,
एकीच्या पानात मुंगी दाबली गेलीय
नेमकी दशांश चिन्हाच्या जागी.
मी ती तशीच ठेवते. उत्तर बरोबर येतंय.

पहिलं गणित सोपं होतं:
तीन चतुर्थांश अधिक एक अष्टमांश.
विराज खोतनं अंशात अंश मिळवला, छेदात छेद,
चार छेद बारा लिहिलं, खाली रेघ मारली,
मग अतिसंक्षिप्त रूप देऊन एक तृतीयांश,
त्याभोवती पट्टीनं आखलेली चौकट.
चुकीच्या वाटेनं इतकं नेटकं चालणारं पोर
मी दुसरं पाहिलं नाही.
अरे, ताटात पाऊण भाकरी आहे,
वर कुणी नितकोर वाढली,
तर ताटातली भाकरी कमी कशी होईल?
उद्या डब्यातली मोडून दाखवायला हवी.
लसावि त्यानंतर.

तिसऱ्यात कोन काढायचा होता, एकशे वीस अंशांचा.
प्रज्योत कांबळेचा कोनमापक फुटलाय, मला माहीत आहे,
दिवाळीपासून तो अर्ध्या अर्धवर्तुळावर भागवतो.
आकृतीशेजारी बारीक अक्षरात:
'शेडच्या पत्र्यावरून काढला आहे.'
मापला. एकशे अठरा.
दोन अंशांसाठी कुणाचं छप्पर उतरवू?

चौथं मी घातलेलं, पुस्तकाबाहेरचं.
पुस्तकात नेहमी रंग नाहीतर सरबत असतं,
म्हटलं, गुणोत्तर एकदा आपल्या गावचं असू दे.
द्राक्षं आणि बेदाणा, चारास एक.
दोनशे चाळीस किलो द्राक्षं रॅकवर टाकली,
बेदाणा किती?

चोवीस वह्यांत साठ किलो.
एकीत साठ लिटर.
आणि यास्मिन मुलाणीच्या वहीत
त्रेपन्न पूर्णांक एक तृतीयांश.

लाल पेनाचं टोपण दातात धरून मी खाली वाचते:
'बाई, माझी आई शेडवर निवडायला जाते.
ती म्हणाली, चारास एक कुठलं,
आवंदा मालात गोडीच न्हाई,
पाऊस येतोय म्हणून आधीच तोडला,
साडेचार लागत्यात किलोला.
म्हणून मी साडेचारनं भागले.
काळे धरले नाहीत.'

भागाकार तपासला. साडेचार म्हणजे नऊ छेद दोन,
उलटा करून गुणलाय, चारशे ऐंशी भागिले नऊ,
एकही पायरी गाळलेली नाही.

चारास एक मला कुणी सांगितलं होतं?
एसटीची वाट बघताना, औषधांच्या दुकानात,
फवारणीचे डबे मोजणाऱ्या माणसानं.
मी वहीत लिहून घेतलं.
रॅकखाली कधी उभी राहिले नाही,
जाळीला कधी हात लावला नाही.

साठातून तिचं उत्तर वजा करते.
सहा पूर्णांक दोन तृतीयांश किलो.
हा बेदाणा माझ्या गणितात होता,
रॅकवर नव्हता.
तो सगळा पाणी होता,
मार्चच्या उन्हात, पत्र्याच्या फटीतून
केव्हाच सावळजच्या बाहेर गेलेला.

आता गुण कसे द्यायचे?
साठवाल्यांनी मी विचारलं त्याचं उत्तर दिलं,
यास्मिननं मी विचारायला हवं होतं त्याचं.
दोघांनाही दोनपैकी दोन.
साठ लिटरला दीड, कारण हात भलताच सढळ.

मग माझ्याच कागदावर, चौथ्या गणिताच्या आधी,
थोडी जागा करून लिहिते:
असे मानू, की.

दहा वाजून गेलेत. शेजारच्या घरातून
अजून सुपाचा आवाज येतोय, कुणीतरी पाखडतंय.
विराजची वही वर ठेवते, भाकरीची आठवण म्हणून.
यास्मिनच्या पानावर बरोबरची खूण,
आणि खाली, उत्तर मलाही माहीत नसलेला
एक प्रश्न:

काळे धरले तर?